करड्या कोटातली बाई

नादशेग, १२ सप्टेंबर २०११

चिबे,

तुझ्या औषधाच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितेय. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव 'कोवाच' टाकलंय, आपलं आडनाव नाही, तुला हवं तसं. म्हणशील तर महाराणी लिहीन, पण उत्तर धाड. फोन करायचा नाही, घरी यायचं नाही, आईच्या मातीलासुद्धा आली नाहीस. मग राहिलं काय? हे कागद.

आता ऐक. गावात माणसं आली आहेत. काळे कपडे, गुडघ्यापर्यंत बूट, छातीवर बिल्ला. बसमधून उतरली तेव्हा माझा नवरा, तुझा देझोभाऊजी, म्हणाला, "बोरी, बघ, सर्कस आली." आम्ही हसलो गं. मग ती चर्चसमोर रांगेत उभी राहिली आणि बूट आपटत ओढा ओलांडून थेट आपल्या गल्लीत आली. गावाचं रक्षण करायला आलोत म्हणतात. कुणापासून? आमच्यापासून.

आता रोज येतात. मी दुकानात निघाले की दोघं मागं. मी मैदा मागितला तर एकानं विचारलं, "पैसे दिलेस का? की झग्यात घातलास?" इलोन्का मैदा जोखत होती. शाळेच्या मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसायची ती, माझ्या डब्यातली भाकरी खायची. तिनं काट्यावरची नजर काढली नाही.

मला सोड, मी जाड कातडीची. पण माझी पोर रामोना पंधराची झाली. शहरातल्या शाळेत जायला बस पकडते, तर थांब्यापर्यंत तिच्या मागं चालतात. एक जण तिला काहीतरी बोलला. ती सांगत नाही आणि मी लिहिणार नाही.

एक नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस, थडग्यांवर फुलं वाहायचा; आई गेल्यावरचा पहिलाच. या वेळी तरी येशील का?

तुझी,
बोरी

&nbsp;

सेगेड, २१ सप्टेंबर २०११

प्रिय ताई,

पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं आणि घरी जाताना फाडून पुलावरून नदीत टाकलं. रागावू नकोस. तू टोमणे मारतेस, ते मला लागतात, पण तुला सगळं ठाऊक आहे. आकोशशी लग्न ठरलं तेव्हा मी सांगितलं, मी बालगृहात वाढले, मला कुणी नाही; आडनाव तर त्याआधीच बदलून घेतलं होतं. त्यावर हे घर उभं आहे. माझी लुत्सा आता पाच वर्षांची झालीय. मी रोमा, त्यांच्या भाषेत जिप्सी, आहे हे कळलं तर तिला माझ्याजवळ ठेवतील का? आकोश चांगला आहे, पण तो आईचा मुलगा आहे.

तुमच्या गावाची बातमी टीव्हीवर लागली होती. रविवार होता, सासूबाई, क्लारा-नेनी, जेवायला आल्या होत्या. काय म्हणाल्या सांगू? "चला, शेवटी कुणीतरी झाडू हातात घेतला." मी त्यांना सूप वाढत होते. सूप टेबलक्लॉथवर सांडलं. त्या हसून म्हणाल्या, "एडित, दमलीयेस तू." मी म्हटलं, "हो."

तुम्ही पोलिसांत फिर्याद द्या. लेखी द्या. अशी माणसं असं करू शकत नाहीत, कायदा आहे. आपण युरोपात राहतो.

मी येईन. तिकडे मिश्कोल्ट्स शहरात दुकानाचं प्रशिक्षण आहे असं सांगेन. फक्त तिथं मला कुणी नावानं हाक मारू नये.

तुझी,
चिबे

&nbsp;

नादशेग, ९ ऑक्टोबर

चिबे,

युरोप म्हणालीस. तो आमच्या ओढ्याच्या अलीकडे येत नाही बाई, पलीकडेच थांबतो.

फिर्याद द्यायला गेलो. जाड मिशांचा हवालदार, तो सूर्यफुलाच्या बिया चघळत बसतो तोच. म्हणाला, "चालतायत ना? चालणं गुन्हा आहे का?" देझो म्हणाला, "साहेब, कुऱ्हाडी घेऊन चालतात." तर म्हणतो, "हिवाळा येतोय, लाकडं फोडायला लागतात." आणि हसला. लिहून काही घेतलं नाही.

स्वयंपाकघराची काच फुटली. मांजरानं पाडली. काळजी करू नकोस.

रामोनाची शाळा बंद केलीय. ती दिवसभर आतल्या खोलीत बसून तुझी जुनी पुस्तकं वाचते. देझो कपड्यांनिशी झोपतो, बूट उशाशी. मी विचारलं, "आग लागली तर पळायला?" तो म्हणाला, "हो." मला वाटलं होतं थट्टा करेल.

तू ये. बसनं उतरलीस तर तुला कुणी अडवणार नाही. आईनं तुला दिलेला गोरा रंग तुझ्या कामी येऊ दे. गल्लीत शिरू नकोस, स्मशानाच्या रस्त्यावर भेट. आमच्या मागं, थोडं अंतर ठेवून चाल. आमच्यासोबत दिसलीस तर तुला दोन्हीकडून त्रास.

बोरी

&nbsp;

नादशेग, ४ नोव्हेंबर

चिबे,

पोचलीस ना? कुणी ओळखलं नाही ना? एवढं आधी कळव.

स्मशानाच्या रस्त्यावर त्यांनी आम्हाला अडवलं आणि मी वळून पाहिलं, तेव्हा तू त्या काळ्या कपडेवाल्यांमधून पुढं जात होतीस. देवाची शपथ, मी आभार मानले. म्हटलं, जा, थांबू नकोस, मागं बघू नकोस. तुला वाटत असेल ताईला राग आला. नाही आला. तू थांबली असतीस तर मी तुलाच शिव्या घातल्या असत्या.

देझोच्या दोन बरगड्या मोडल्यात. पण खरं ते नाही. इस्पितळात त्याला पट्टी बांधत होते तेव्हा पोलीस आले आणि त्याला उचलून घेऊन गेले. तक्रार त्याच्यावरच! त्यानं म्हणे गस्तवाल्यांवर हल्ला केला. त्यांच्या म्होरक्याच्या ओठाला दोन टाके पडलेत, त्याचे फोटो काढून त्यांनी तक्रारीला जोडलेत. तू पाहिलंस ना, रामोनाचा हात पिरगाळला तेव्हा देझो मध्ये पडला. एवढंच केलं त्यानं. हवालदारानं लिहिलंय, मी घटनास्थळी नव्हतो, नंतर पोचलो. त्याची गाडी घराएवढी दिसत होती गं रस्त्याच्या कडेला!

बुडापेस्टहून एक वकीलबाई आल्यात, नोएमी नावाच्या. हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेतल्या. पोरगेल्या आहेत, पण पोलिसांसमोर आवाज चढवला तेव्हा मला माझं कुणीतरी आलं असं वाटलं. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या बाजूनं सगळे साक्षीदार रोमा, न्यायाधीश म्हणतील आपसात ठरवलंय. बाहेरचं कुणी होतं का?" रामोना बोलून गेली, "करड्या कोटातली एक बाई होती." वकीलबाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "ओळखत नाही. कुणीतरी गाजो बाई असेल, आमच्यातली नाही, थडग्यावर आलेली."

रामोना माझ्याकडे बघत राहिली. ती तू होतीस हे तिला कळलंय. ती बोलणार नाही.

बोरी

&nbsp;

सेगेड, १३ नोव्हेंबर

ताई,

पोचले. कुणाला कळलं नाही.

तू आभार मानलेस हे वाचून मला बरं वाटलं नाही, भीती वाटली. कारण तू जे पाहिलंस ते अर्धंच होतं. तुला सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नाही.

त्यांनी तुम्हाला अडवलं तेव्हा मी पोलिसांच्या गाडीला टेकण्याइतकी जवळ होते. काच खाली होती. म्होरक्या गाडीपाशी आला आणि म्हणाला, "आज यांना फुलं वाहायचीयेत." हवालदार म्हणाला, "मी घटकाभर चर्चच्या बाजूला बघतो. मारा, पण डोक्यावर नको, मला कागद रंगवावे लागतात." शब्द न् शब्द असाच. मी तिथं उभी होते. त्यांनी माझ्यासमोर बोलायला मागेपुढे पाहिलं नाही, कारण मी त्यांना त्यांच्यातली वाटले. मग म्होरक्यानं मला टोपी काढून सलाम केला. "मॅडम, या बाजूनं या. पर्स सांभाळा हं, ही जात हलकी." आणि मी म्हटलं, "धन्यवाद."

मी त्याला धन्यवाद म्हटलं, ताई. मागून रामोनाची किंकाळी ऐकू आली तेव्हा मी आईच्या थडग्यावर मेणबत्ती पेटवायचा प्रयत्न करत होते. ती पेटेना.

हे वकीलबाईंना सांगू नकोस. मी हात जोडते. मला कोर्टात विचारतील, तू कोण, तिथं कशाला आलीस, जन्माचं नाव काय. रेझम्युवेश हे आडनाव ऐकलं की या देशात पुढचं काही विचारावं लागत नाही.

आणखी एक. काल दुकानात एक माणूस खोकल्याचं औषध घ्यायला आला. कोटावर तोच बिल्ला. सेगेडमध्ये, ताई! सुटे पैसे घेताना माझ्याकडे पाहत म्हणाला, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय." मी म्हटलं, "इथंच पाहिलं असेल." तो म्हणाला, "असेल." गेला. पण दार उघडं टाकून गेला, आणि मला ते लावायला उठवेना.

चिबे

&nbsp;

नादशेग, २७ नोव्हेंबर

एडित,

तू ऐकलंस. हवालदाराचा शब्द न् शब्द ऐकलास, आणि तो तुझ्याजवळ पडून आहे. इकडे देझो कोठडीत मोडक्या बरगड्यांनी बसतो, कारण आडवं झालं की श्वास घेता येत नाही.

मी हे पत्र आधी तीनदा लिहिलं आणि चुलीत घातलं. त्यात जे होतं ते तू वाचू नयेस.

मी वकीलबाईंना सांगणार नाही. तू नको म्हणालीस, विषय संपला. तुझं लेकरू आहे, मला कळतं. माझंही आहे. रामोनाचा हात अजून वर होत नाही, केस मी विंचरते. परवा विंचरताना म्हणाली, "आई, मावशी आपल्याला लाजते का?" मी म्हटलं, "नाही गं, घाबरते." ती म्हणाली, "मग आपल्यासारखीच आहे की."

ती काच मांजरानं फोडली नव्हती. दगड होता. काल दुसरा आला. आता आम्ही शेजारच्या मार्गितकडे झोपतो, तिचं घर आतल्या बाजूला आहे.

सुनावणी फेब्रुवारीत आहे. हे तुला सांगायचं म्हणून सांगितलं, मागायचं म्हणून नाही.

बोरी

&nbsp;

(नाताळच्या भेटकार्डावर, एडितच्या घरच्या पत्त्यावर)

१८ डिसेंबर

चि. एडित हिस,

बालगृहातल्या तुझ्या जुन्या बोरीबाईंकडून नाताळच्या शुभेच्छा. तू मला विसरली असशील, मी तुला विसरले नाही. तुझ्या कामाच्या जागी पत्र धाडलं तर 'इथे काम करत नाहीत' असा शिक्का मारून परत आलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आम्ही सांभाळलेल्या मुली मोठ्या झाल्या तरी आम्हाला मुलीच वाटतात. बरी आहेस एवढं दोन शब्दांत कळव. काही दुखलं-खुपलं असेल तर बालगृहाचं दार उघडं आहे, गादी आहे, सूप आहे.

तुझ्या यजमानांना आणि सासूबाईंना नमस्कार. छोटीला पापा.

बोरीबाई

&nbsp;

सेगेड, २८ डिसेंबर २०११

माननीय बोरीबाई,

सप्रेम नमस्कार. मी एडितची सासू, क्लारा वारादी. आपलं कार्ड मी उघडलं, याबद्दल क्षमा असावी. एडित सध्या या घरात नाही.

आपण तिला वाढवलंत, म्हणून आपल्यापासून लपवत नाही. निकोलस संतांच्या दिवशी, सहा डिसेंबरला, आम्ही सगळे जेवायला बसलो असताना, पोरीच्या बुटात खाऊ भरायचा सोडून ती उभी राहिली आणि म्हणाली की ती जिप्सी आहे. उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यात तिची बहीण आहे, मेहुणा तुरुंगात आहे आणि ती त्याच्यासाठी कोर्टात साक्ष देणार आहे. मी म्हटलं, "एडित, मुलीसमोर थट्टा पुरे." ती थट्टा करत नव्हती. माझा मुलगा ताटावरून उठून बाल्कनीत गेला आणि थंडीत तिथंच उभा राहिला. दुकानाच्या मालकाला तिनं रजेचं खरं कारण सांगितलं म्हणे, त्यांनी सोमवारपासून येऊ नको म्हटलं. आता ती शहरातच कुठंतरी भाड्याच्या खोलीत राहते आणि रोज संध्याकाळी पोरीशी फोनवर बोलते.

बोरीबाई, मी सत्तरीला आले. मला झोप लागत नाही. नात झोपली की मी दिवा घेऊन तिचा चेहरा पाहत बसते. काय शोधते, मला सांगता येणार नाही.

आमच्या वकिलांचं मत असं की एडितवर ताण आलाय आणि कुणीतरी तिचा वापर करून घेतंय. तिचा जन्म कुठला, आईबाप कोण, हे आपल्याला माहीत असणार. ती जिप्सी नाही असं बालगृहातर्फे दोन ओळींत लिहून दिलंत तर तिची साक्ष थांबेल आणि ती घरी येईल. मी तिला एका शब्दानं बोलणार नाही. माझा शब्द आहे.

आपली,
क्लारा वारादी

&nbsp;

नादशेग, ३ जानेवारी २०१२

क्लाराबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी पीठ मळत होते. हात न धुता वाचलं, कागदाला पीठ लागलंय.

दोन ओळी लिहून देणं मला सोपं होतं. मी खोटं बरं बोलते, कार्डावरून कळलंच असेल. आणि तुम्ही जे द्यायला निघालात ते लहान नाही: तिचं घर, तिची पोर. मी दिवसभर विचार केला. म्हटलं, तिची पोर तिच्याकडे राहील. मग म्हटलं, माझा नवरा तीन वर्षं आत जाईल आणि माझ्या मुलीला पुन्हा त्याच रस्त्यानं बसला जावं लागेल. दोन्हीकडून पोरच. पण शेवटी मला एकच सुचलं, की ती तुमच्या टेबलाशी उभी राहून बोलली. तिच्याएवढी घाबरट मुलगी मी आयुष्यात पाहिली नाही. लहानपणी ती बदकाला घाबरायची. ती उभी राहिली, आणि मी तिला खोटं पाडू?

मी बालगृहाची कुणी नाही. मी तिची थोरली बहीण. आमच्या आईचं नाव तेरेझ, बापाचं नाव लोरिंत्स रेझम्युवेश, आणि ती याच घरात, चुलीच्या बाजूच्या पलंगावर जन्मली. हे तुमच्या वकिलाला दाखवा. खाली सही करतेय.

तुम्ही दिवा घेऊन नातीच्या तोंडावर जे शोधता ते तिथं आहे. माझ्या आईची जिवणी, एडितच सांगायची. आमच्याकडे आईचा फोटो आहे, एकच आहे म्हणून पाठवत नाही. बघायचा असेल तर यावं लागेल. वाटेत काळ्या कपड्यातली माणसं भेटतील. तुम्हाला काही करणार नाहीत. टोपी काढून सलाम करतील.

भीती म्हणाल तर मला तुमचीही वाटते. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. तुमच्याजवळ वकील आहे, घर आहे, पोर आहे, आणि मायेनं बोलता बोलता तुम्ही माझ्या बहिणीला पुसून टाकाल.

बोरिश्का रेझम्युवेश

&nbsp;

सेगेड, २४ फेब्रुवारी

ताई,

परवा कोर्टाच्या आवारात तुला मिठी मारली, तेवढंच झालं. तू देझोला सांभाळत होतीस. म्हणून आज लिहितेय. इतके दिवस लिहिलं नाही, कारण नोएमीनं बजावलं होतं, आरोपीच्या बायकोचं आणि साक्षीदाराचं एकही पत्र सापडता कामा नये, पढवलं म्हणतील. तुझं परत गेलेलं पत्र, कार्ड, सगळं मला नंतर कळलं.

तुला बाहेर बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. मागच्या दोन्ही बाकांवर ती माणसं बसली होती. काळे कपडे नाहीत, साधे शर्ट, पण सगळ्यांनी हात छातीवर एकसारखे बांधलेले. मी आत शिरले तेव्हा म्होरक्या मला बघून हसला. त्याला वाटलं मी त्यांची साक्षीदार. टोपी काढून सलाम केलेली मॅडम!

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "नाव?" मी सांगितलं. "जन्माचं नाव?" ताई, मी पाणी मागितलं, पेला रिकामा केला. मग म्हटलं, "एडित रेझम्युवेश. आरोपी माझे मेहुणे." मागे कुणीतरी हातांची घडी सोडली, ते कापड सरकल्याचं मला ऐकू आलं. म्होरक्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं.

मी सगळं सांगितलं. धन्यवाद म्हटल्याचंही. त्यांच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे तुम्ही सात वर्षं नवऱ्याशी खोटं बोललात आणि आज खरं बोलताय?" मी म्हटलं, "हो, तसंच आहे." तो पुढचं विसरला. मग हवालदाराला समोर उभं केलं. तो म्हणाला, मी गाडीत नव्हतो. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, गाडीत काय होतं? मी म्हटलं, पुढच्या काचेखाली सूर्यफुलाच्या बियांची पिशवी आणि मागच्या सीटवर पिवळ्या शेवंतीची कुंडी. चिठ्ठी होती, 'बाबांसाठी'. तो माणूस त्या दिवशी आपल्या बापाच्या थडग्यावर जायला निघाला होता, ताई. हे बोलल्यावर त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाहेर आल्यावर आकोश दिसला. जिन्यात उभा होता. केव्हा आला, किती ऐकलं, विचारलं नाही. मला म्हणाला, "तुला बहीण आहे हे सात वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?" मी म्हटलं, "रोज वाटलं." तो गाडीकडे गेला. मला बसमध्ये बसवून गेला नाही, पण बस सुटेपर्यंत रस्त्यापलीकडे थांबला. कारण थांब्यावर त्यांच्यापैकी तिघं उभे होते.

चिबे

&nbsp;

नादशेग, १९ एप्रिल

चिबे,

देझो सुटला, हे आता कागदावरही आलं. निर्दोष. शिक्का, सही, सगळं. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवलाय आणि दुकानात जाताना बरोबर नेतो. मी म्हटलं, "मैदा घ्यायला निकाल कशाला?" म्हणाला, "असू दे."

गस्तवाले गेले. कुठं गेले म्हणशील, तर टेकडीपलीकडच्या गावात. तिथल्या आपल्या लोकांनी निरोप धाडला, की तुम्ही काय केलंत ते सांगा. मी आणि रामोना गेलो. बायकांनी ओळीनं दारं लावून घेतलेली, खिडक्यांना घोंगड्या. रामोना त्यांना सांगत होती, तारीख लिहा, वेळ लिहा, कोण काय बोललं ते लिहा, फाडू नका. पोरीचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण जीभ भारी चालते. ती शाळेत जाते पुन्हा. पहिल्या दिवशी थांब्यापर्यंत मी गेले, दुसऱ्या दिवशी मार्गित, असं चाललंय.

पोलिसांनी आम्हाला वाऱ्यावर सोडलं, आणि ते आम्ही रोमा म्हणून सोडलं, असा वेगळा दावा नोएमीनं लावलाय. इथं नाही जमलं तर स्ट्रासबर्गला, युरोपच्या कोर्टापर्यंत जाऊ म्हणते. वर्षं जातील. जाऊ देत.

निकाल आला तरी गल्लीत बुटांचा आवाज झाला की सगळे गप्प होतात. परवा टपालवाला होता. नवे बूट घेतले होते बिचाऱ्यानं.

लुत्सा भेटते का? काय खाते ती? मला तिच्यासाठी काहीतरी करायचंय आणि मला तिची आवडसुद्धा माहीत नाही.

बोरी

&nbsp;

सेगेड, ८ जून २०१२

प्रिय ताई,

लुत्सा आठवड्यातले चार दिवस माझ्याकडे असते. खसखशीच्या शेवया खाते, साखर जास्त. आकोश तिला सोडायला येतो आणि दारात थांबतो. मागच्या आठवड्यात आत येऊन नळाची गळती बघून गेला. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. क्लारा-नेनी येत नाहीत. त्यांनी लुत्साबरोबर एक चिठ्ठी पाठवली: 'फोटोची प्रत काढून मिळेल का?' मी अजून उत्तर दिलं नाही. आईचा फोटो तुझ्याकडे आहे, तू ठरव.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. काल बालवाडीतून बोलावणं आलं. मी आणि दोन बाई, एक मोठ्या, एक तरुण. मोठ्या बाई फार गोड बोलल्या. लुत्सा सप्टेंबरमध्ये शाळेत जाईल, तर त्याआधी तिची तपासणी करून घ्यावी, असं त्यांना वाटतं. तिला "वेगळ्या गतीच्या" वर्गात बरं वाटेल. ताई, मंद ठरवलेल्या मुलांचा तो वर्ग तुला ठाऊक आहे. तू त्याच वर्गात बसली होतीस, आणि आपल्या गल्लीतलं प्रत्येक मूल.

मी विचारलं, "तिला काही येत नाही का?" तरुण बाईंनी खाली पाहिलं. गेल्या वर्षी याच बाईंनी मला सांगितलं होतं की ही आत्ताच वाचायला लागेल, पुस्तकं आणून ठेवा. मोठ्या बाई म्हणाल्या, "तसं नाही हो. पण आता घरची परिस्थिती आम्हाला कळली आहे, तर तिच्याच भल्यासाठी..."

मला तोच वास आला. स्मशानाच्या त्या रस्त्यावरचा. इथं बूट नव्हते, कुऱ्हाड नव्हती, टेबलावर जर्दाळूचा केक कापून ठेवला होता, आणि मी कोर्टात घाबरले नाही इतकी घाबरले. कोर्टात फक्त माझं जाणार होतं. इथं त्या तिला हात धरून, हसत हसत, दुसऱ्या दारानं घेऊन जाणार होत्या आणि तिला आयुष्यभर कळलंही नसतं की दारं दोन होती.

त्यांनी कागद पुढं सरकवला. सही इथं. मी म्हटलं, "हे तिलाच का सुचवताय, त्याचं कारण लिहून द्या." मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही मायेनं बोलतोय." मी म्हटलं, "मायेनंच लिहा." त्या म्हणाल्या, वेळ संपत आली, दुसरे पालक बाहेर बसलेत, आपण नंतर बोलू. उठून उभ्या राहिल्या. दार उघडून धरलं. बाहेरच्या आया आत डोकावून बघायला लागल्या.

मी कागद पुन्हा त्यांच्या बाजूला सरकवला. खुर्चीवरून उठले नाही. बसून राहिले. दार उघडं होतं, सगळे बघत होते, आणि मी बसून राहिले. शेवटी तरुण बाईंनी पेन उचललं आणि कारण लिहायला घेतलं.

तुझी,
एडित